लाल खूण वाचता आली पाहिजे

"रुब्रिक म्हणजे काय हो?" हा प्रश्न हल्ली आमच्या घोडबंदर रोडच्या पालक-ग्रुपांवर अधूनमधून येतो. २०२० साली नवीन शैक्षणिक धोरण आलं, त्यामागून समग्र प्रगती पत्रक आलं आणि त्याच्यासोबत हा शब्द घराघरांत शिरला. शिक्षक सांगतात, मूल्यमापनाचे निकष आणि त्यांच्या पायऱ्या मांडलेला तक्ता. बरोबर आहे. पण हा झाला आजचा अर्थ. शब्दाचं मूळ खणत गेलं तर हाताला लागतो चक्क गेरू.

हो, तोच आपला गेरू. तुळशीवृंदावनाला लावतो तो, वारली चित्राच्या भिंतीला पाया म्हणून देतात तो, आणि रस्त्याकडेच्या झाडांच्या बुंध्याला चुन्याच्या पट्ट्यासोबत फासतात तो.

आता म्हणाल, ठाण्यात रस्त्यांची ही दशा आणि तुम्हाला शब्दांच्या व्युत्पत्त्या सुचतायत! पण या एका शब्दाच्या पोटात कारभाराचा एक जुना नियम दडलेला आहे आणि आपल्या रस्त्यावर तो रोज मोडला जातोय. पोस्ट लांब आहे. सवडीनं वाचा, पण वाचा.

शब्द कुठून आला

लॅटिनमध्ये 'रुबेर' म्हणजे लाल. त्यावरून 'रुब्रिका' म्हणजे लाल माती, गेरू. हे 'रुबेर' आणि आपलं 'रुधिर' एकाच मूळ धातूची लेकरं आहेत. रोहित, लोहित हेही त्याच घरातले. म्हणजे शब्द परका दिसला तरी नात्यातलाच आहे. आपला 'गेरू' मात्र 'गैरिक'वरून आला. गैरिक म्हणजे गिरीचा, डोंगरातून आलेला.

गेरूच का? कारण स्वस्त, टिकाऊ आणि काळ्या शाईशेजारी उठून दिसणारा. प्राचीन इजिप्तमधल्या लेखनिकाच्या पाटीवर शाईच्या दोन वाट्या असायच्या, एक काळी आणि एक लाल. साडेतीन हजार वर्षांपूर्वीचा एबर्स पपायरस हा वैद्यकाचा ग्रंथ आहे. त्यात मजकूर काळा आणि मथळे लाल. वैद्यानं औषध शोधायचं तर आधी लाल शोधायचं.

रोमन लोकांनी ही युक्ती कायद्यासाठी वापरली. रोममधला न्यायाधिकारी आपले नियम पांढऱ्या फळ्यावर लिहून चौकात लावायचा. त्या पांढऱ्या फळ्याला म्हणायचे 'अल्बम'. आपला फोटोंचा अल्बम हा त्याचाच वंशज. आणि कायद्याचे मथळे लाल रंगात, म्हणून 'रुब्रिका' या शब्दाला कायद्याचं कलम असाही अर्थ चिकटला. पुढे ख्रिस्ती प्रार्थनापुस्तकांत तोंडानं म्हणायचं ते काळ्या अक्षरात आणि करायचं काय ते लाल अक्षरात लिहायची प्रथा पडली. उभं राहा, गुडघे टेका, पुढचं पान उलटा, या सगळ्या सूचना लाल. त्यातून रुब्रिक म्हणजे 'मार्गदर्शक सूचना', आणि तिथून वळणं घेत तो आपल्या मुलांच्या प्रगती पत्रकात येऊन बसला.

फारसीनं हेच वेगळ्या वाटेनं केलं. 'सुर्ख' म्हणजे लाल, आणि 'सुर्खी' म्हणजे लाल शाईनं लिहिलेला मथळा. आज उर्दू वर्तमानपत्राच्या हेडलाईनला सुर्खीच म्हणतात, आणि हिंदी चॅनेलवाले 'सुर्ख़ियाँ' म्हणतात तो हाच शब्द. आपल्याकडे मराठीत सुरखी राहिली ती बांधकामात. चुन्यात मिसळायची विटांची लाल भुकटी म्हणजे सुरखी. त्यांची सुर्खी बातमीच्या डोक्यावर बसली, आपली सुरखी भिंतीत गेली.

आपल्या पोथ्यांतला लाल

आपल्याकडे काय होतं? जुनी हस्तलिखित पोथी कुणाच्या घरी असेल तर उघडून बघा. आरंभाचं नमन, अध्यायाचा शेवट, ओवीचा आकडा, दंड, यांवर बऱ्याचदा लाल दिसेल. कधी हिंगुळाच्या शाईनं लिहिलेलं, कधी काळ्या अक्षरांवर नुसता गेरूचा हात फिरवलेला. वाचणाऱ्याचा डोळा तिथे थबकावा, श्वास कुठे घ्यायचा ते कळावं, एवढ्यासाठी.

आणि चूक झाली तर? चुकीवर लाल रेघ मारत नसत. तिच्यावर हरताळ लावत. हरताळ म्हणजे पिवळं खनिज. त्याचा लेप अक्षरावर दिला की अक्षर झाकलं जायचं आणि वर नवीन लिहिता यायचं. 'हरताळ फासणे' हा वाक्प्रचार इथून आला. बाजार बंद ठेवायचा हरताळ वेगळा, तो गुजरातीतून आलेला, दुकानाला टाळं लावण्याचा.

म्हणजे आपल्या परंपरेत लालचं काम होतं 'इथे बघ' सांगायचं आणि पिवळ्याचं काम होतं 'हे गेलं' सांगायचं. लाल म्हणजे चूक, हे समीकरण नंतर शाळेतल्या लाल पेनानं आपल्या डोक्यात बसवलं.

आता गंमत बघा. तुमच्या बिल्डिंगचा नकाशा महापालिकेत मंजुरीला जातो तेव्हा त्यात कुठला रंग कशासाठी, हे बांधकाम नियमावलीत ठरलेलं असतं. प्रस्तावित नवीन काम लाल रंगात. पाडायचं काम पिवळ्या तिरप्या रेघांत. पोथी लिहिणाऱ्याचा आणि आर्किटेक्टचा एकमेकांशी काडीचाही संबंध नाही, पण हिशोब तोच. लालनं सुरू, पिवळ्यानं रद्द.

या सगळ्या उदाहरणांत तीन गोष्टी सारख्या आहेत. खूण वाचणाऱ्यासाठी केलेली आहे. तिचा अर्थ आधीच ठरलेला आहे. आणि तो अर्थ दोघांनाही माहीत आहे, खूण करणाऱ्याला आणि वाचणाऱ्यालाही. १९७३ पासून कालनिर्णय भिंतीवर आहे. त्यातली लाल तारीख म्हणजे सुट्टी, हे पहिलीतल्या पोरालाही सांगावं लागत नाही. झाडाच्या बुंध्यावर गेरू-चुना दिसला की रात्री गाडी चालवणाऱ्याला रस्त्याची कड कळते. खुणेला अर्थ असला तरच ती खूण. नाहीतर तो नुसता डाग.

हे तीन नियम धरून आता आपल्या रस्त्याकडे या.

घोडबंदर रोडवरचा लाल

कापूरबावडीहून निघालात की मानपाडा, पातलीपाडा, वाघबीळ, कासारवडवली, ओवळा करत गायमुखपर्यंत एका बाजूला येऊरचे डोंगर आणि दुसऱ्या बाजूला खाडी. मधल्या चिंचोळ्या पट्टीत आपण सगळे. याच पट्टीत वडाळा-कासारवडवली मेट्रो ४ आणि तिचा गायमुखपर्यंतचा ४-अ हा तुकडा. सेवा रस्ते मुख्य रस्त्यात मिसळण्याचं एमएमआरडीएचं काम. आणि जुलै २०२४ मध्ये भूमिपूजन झालेला ठाणे-बोरिवली जोडबोगदा. इतकी कामं म्हटल्यावर मोजणी येणार, आणि मोजणी आली की लाल रंगाचा डबा येणार.

तुम्हीही बघितलं असेल. कंपाउंडच्या भिंतीवर एका सकाळी लाल बाण दिसतो. बाणाशेजारी आकडा. कुठे एखादं इंग्रजी अक्षर, कुठे फुली. गटाराच्या झाकणावर एक रेघ, झाडावर एक नंबर. वॉचमनला विचारलं तर "साहेब आले होते, मारून गेले." कुठले साहेब? महापालिकेचे, एमएमआरडीएचे, मेट्रोच्या ठेकेदाराचे, महावितरणचे, गॅसवाल्यांचे? ते त्याला ठाऊक नसतं आणि भिंतीवर लिहिलेलं नसतं.

मग सोसायटीच्या ग्रुपवर रात्री बारापर्यंत चर्चा. कोण म्हणतो भिंत आठ फूट मागे जाणार, कोण म्हणतो ही नुसती केबलची खूण. गावठाणातल्या घरावर तोच बाण आला तर तिथे चर्चेवर भागत नाही. तिथल्या आजी रात्रभर झोपत नाहीत. टॉवरची भिंत जाते तेव्हा पार्किंगच्या दोन जागा जातात. चाळीच्या खोलीची भिंत जाते तेव्हा स्वयंपाकघर जातं.

झाडांचं बघा. १९७५ च्या महाराष्ट्राच्या वृक्ष कायद्यानुसार शहरात झाड तोडायचं असेल तर नोटीस द्यावी लागते, ती त्या झाडावरही ठळक दिसेल अशी लावावी लागते आणि लोकांच्या हरकती घ्याव्या लागतात. २०२१ च्या दुरुस्तीनंतर पन्नास वर्षं किंवा त्याहून जुनं झाड हे वारसा वृक्ष. ते तोडलं तर त्याच्या वयाइतकी झाडं लावायची. म्हणजे कायद्याच्या लेखी आता झाडाचं वय हा कळीचा मुद्दा आहे. पण झाडावर रंगवलेला असतो फक्त क्रमांक. हा नंबर गणनेचा, पुनर्रोपणाचा की तोडण्याचा? वय किती धरलं? हरकत कुठे आणि कधीपर्यंत द्यायची? ज्या बुंध्यावर गेरूचा पट्टा म्हणजे 'हे सरकारी झाड आहे, सांभाळा' असा अर्थ होता, त्याच बुंध्यावरचा नंबर आता कोणी सांगितल्याशिवाय कळत नाही.

ज्या रेघा दिसतच नाहीत

भिंतीवरचा बाण निदान दिसतो तरी. खरी जोखीम आहे ती जमिनीवर न दिसणाऱ्या रेघांची.

डोंगराच्या बाजूला संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाची हद्द आहे आणि तिच्याभोवती डिसेंबर २०१६ मध्ये अधिसूचित झालेलं पर्यावरण संवेदनशील क्षेत्र. खाडीच्या बाजूला सीआरझेडची भरतीरेषा आहे. शिवाय कांदळवनं. त्यांच्याभोवती पन्नास मीटरपर्यंत बांधकाम करायचं नाही, असा मुंबई उच्च न्यायालयाचा आदेश २००५ चा आणि अंतिम निकाल २०१८ चा. या प्रत्येक रेघेच्या आत-बाहेर काय करता येतं हे वेगळं आहे. फ्लॅट घेताना आपण मॉडेल फ्लॅटमधली टाईल्स बघतो, कारण टाईल्स दिसतात. रेघ दिसत नाही.

आणि खाडीच्या वरच्या अंगाला जा. आपल्या उत्तरेची ही खाडी म्हणजे उल्हास नदीच. बदलापूर, कल्याण करत येते आणि घोडबंदरला वळसा घालून वसईपाशी समुद्राला मिळते. तिथे तर रेषेचं नावच रंगावरून आहे. जलसंपदा खातं नदीकाठी दोन पूररेषा आखतं, निळी आणि लाल. सर्वसाधारणपणे पंचवीस वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची निळी, आणि शंभर वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची लाल. नदी ते निळी रेषा हा निषिद्ध पट्टा. निळी ते लाल हा नियंत्रित पट्टा, तिथे अटी घालून बांधकाम होऊ शकतं.

ही लाल रेषा म्हणजे शब्दशः रुब्रिक. 'सावध, इथपर्यंत पाणी येऊ शकतं' अशी लाल अक्षरातली सूचना. पण ती लिहिली आहे नकाशावर, आणि नकाशा आहे कार्यालयात.

त्यातही 'शंभर वर्षांतून एकदा' या शब्दांनी मोठा घोळ घातलाय. लोकांना वाटतं, २००५ ला आला, आता २१०५ पर्यंत निवांत. तसं नसतं. त्याचा अर्थ, दरवर्षी शंभरात एक एवढी शक्यता. आता वीस वर्षांचं गृहकर्ज घ्या. त्या वीस वर्षांत लाल रेषेपर्यंत निदान एकदा पाणी येण्याची शक्यता होते शंभरात अठरा. निळ्या रेषेची शक्यता वर्षाला शंभरात चार, म्हणजे कर्ज फिटेपर्यंत शंभरात छप्पन. निम्म्याहून जास्त! कॅल्क्युलेटर घ्या आणि स्वतः करून बघा. हा आकडा तुम्हाला विक्री कार्यालयात कोणी सांगितला होता का? बँकेत?

२६ जुलै २००५ ला उल्हासचं पाणी कुठपर्यंत आलं ते बदलापूर-कल्याणच्या जुन्या लोकांना तोंडपाठ आहे. २७ जुलै २०१९ ला महालक्ष्मी एक्सप्रेस वांगणीजवळ हजारावर प्रवाशांसकट पुरात अडकली, तो हाच काठ. त्या प्रवाशांना बोटींनी बाहेर काढलं. शंभर वर्षांचा हिशोब सांगणाऱ्यांनी या दोन तारखांमधलं अंतर मोजावं. चौदा वर्षं.

न सांगितलेल्या खुणेची किंमत

'कागदावर आहे ना, मग झालं' म्हणणाऱ्यांसाठी मुंबई-ठाण्याच्या पट्ट्यातलंच एक प्रकरण आहे. खासगी वनांचं.

१९५० च्या दशकात वन कायद्याखाली अनेक जमिनींबाबत नोटिसा काढल्या गेल्या. त्या गॅझेटमध्ये आल्या. पुढे दशकानुदशकं कोणी काही केलं नाही. १९७५ ला खासगी वनं संपादन करण्याचा कायदा आला, तरीही या जमिनींवर शांतता. दरम्यान महापालिकांनी परवानग्या दिल्या, इमारती उभ्या राहिल्या, लोकांनी आयुष्यभराची पुंजी घालून घरं घेतली. आणि २००० नंतरच्या दशकात, सुमारे पन्नास वर्षांनी, सातबाऱ्याच्या इतर हक्कांत वनाचा शेरा आला. मुलुंडसारख्या भागात राहत्या इमारतींतल्या लोकांची घरविक्री, पुनर्विकास, सगळं अडकलं. २००८ ला उच्च न्यायालयात ते हरले. अखेर ३० जानेवारी २०१४ ला सर्वोच्च न्यायालयानं गोदरेज अँड बॉइस विरुद्ध महाराष्ट्र सरकार या खटल्यात निकाल दिला. सार एवढंच, की नोटीस नुसती काढून चालत नाही. ती मालकाला बजावली गेली पाहिजे, त्याला म्हणणं मांडायची संधी मिळाली पाहिजे. आणि अनेक वर्षं धूळ खात पडलेली नोटीस एक दिवस उचलून लोकांच्या डोक्यावर मारता येत नाही.

माझ्या मते हा निकाल वनापेक्षा मोठा आहे. तो खुणेबद्दलचा निकाल आहे. ज्याच्यासाठी खूण केली त्याला ती वाचायला मिळाली नाही, तर खूण झालीच नाही. आणि यात नुकसान फक्त रहिवाशांचं झालं असं समजू नका. जिथे खरोखर जंगल होतं आणि वाचायला हवं होतं, तिथेही वेळेवर ठळक रेघ ओढली गेली नाही, म्हणून जंगल हरलं. अस्पष्ट रेघ दोघांचाही घात करते.

जगात हे सगळीकडे झालंय. अमेरिकेत १९३० च्या दशकात सरकारी गृहकर्ज संस्थेनं शहरांचे नकाशे रंगवले. चांगली वस्ती हिरवी, धोक्याची वस्ती लाल. लालमध्ये प्रामुख्यानं कृष्णवर्णीय आणि गरीब. तिथे कर्ज नाकारण्याच्या पद्धतीला 'रेडलायनिंग' असं नाव पडलं, आणि १९६८ च्या कायद्यानं घरांबाबतच्या भेदभावावर बंदी आली. ते नकाशे त्या वस्तीतल्या लोकांच्या समोर कधी टांगले नव्हते. लाल रेघ त्यांच्या घराभोवती होती आणि वाचत होते दुसरेच.

रोमची आणखी एक गोष्ट सांगतो, कारण ती वाचताना मला थेट आपली संकेतस्थळं आठवली. कॅलिगुला बादशहानं नवे कर लावले पण ते कुठे लिहून लावलेच नाहीत. लोक न कळता गुन्हेगार ठरू लागले. फार ओरड झाली तेव्हा त्यानं कायदा लावला, पण इतक्या अरुंद जागी आणि इतक्या बारीक अक्षरांत की कोणाला नक्कल करता येऊ नये. हे सुएटोनियस या रोमन चरित्रकारानं लिहून ठेवलंय. आता तुम्ही पूररेषेचा किंवा विकास आराखड्याचा नकाशा मोबाईलवर उघडून त्यात आपली बिल्डिंग शोधून दाखवा. फाईल उघडेपर्यंत चहा होईल आणि उघडल्यावर सर्व्हे नंबर वाचायला भिंग लागेल.

हरकती येतीलच

पहिली हरकत: "सगळं वेबसाईटवर आहे, लोक वाचत नाहीत." २०२४ मध्ये ठाण्याच्या सुधारित विकास आराखड्याचं प्रारूप आलं तेव्हा गावठाणांतून, कोळीवाड्यांतून लोक हरकती घेऊन गेलेच की. लोक वाचतात, पण आधी कोणीतरी जाणकार गाठून त्याच्याकडून वाचून घ्यावं लागतं. जो कागद वाचायला वशिला लागतो तो जाहीर कागद नव्हे.

दुसरी हरकत, हळू आवाजात केली जाणारी: "रेषा जमिनीवर दाखवली तर फ्लॅटचे भाव पडतील." पडतील, काही ठिकाणी. ज्यांनी आधीच घेतलेत त्यांना ते झोंबेल, हे मला मान्य आहे. त्यात आपले शेजारी, नातेवाईक सगळे आले. पण जोखीम रेषेनं निर्माण होत नाही, ती पाण्यानं होते. रेष लपवली की तोटा फक्त पुढच्या खरेदीदाराच्या गळ्यात जातो, आणि तो बहुधा पहिलं घर घेणारं एखादं तरुण जोडपं असतं. शिवाय रेष माहीत असेल तर तळमजल्यावर मीटर रूम ठेवायची की वर न्यायची, पंप कुठे बसवायचा, विमा घ्यायचा का, हे ठरवता येतं. न कळलेल्या जोखमीवर उपाय करता येत नाही.

तिसरी: "मोजणीच्या खुणा आमच्या तांत्रिक कामासाठी असतात, त्या लोकांसाठी नाहीत." मग त्या लोकांच्या भिंतीवर का? आमच्या भिंतीवर लिहिलंत तर वाचक आम्हीच.

मागणं काय आहे

फार नाही. चार गोष्टी.

एक. भिंतीवर, फुटपाथवर, झाडावर कोणतीही खूण केली की तिच्याशेजारी मराठीत चार ओळींचा कागद. कोणत्या खात्याची, कशासाठी, कोणत्या तारखेची, विचारायचं कोणाला. स्टेन्सिल करून रंगवलं तरी चालेल. डबा तोच, रंग तोच, माणूसही तोच.

दोन. झाडावर नंबरसोबत त्याचं धरलेलं वय आणि 'ठेवायचं', 'हलवायचं' की 'तोडायचं' यातला एक शब्द.

तीन. पूररेषा आणि संवेदनशील क्षेत्राच्या हद्दी जमिनीवर दाखवणारे खांब. नदीकाठच्या वस्त्यांत, रस्त्याच्या वळणांवर, शाळेच्या भिंतींवर 'लाल पूररेषा इथे' अशी पातळी. २००५ चं पाणी कुठवर आलं होतं, तीही रेघ शेजारी.

चार. घर विकताना इमारत कोणत्या रेषेच्या कोणत्या बाजूला आहे, हे करारनाम्याच्या पहिल्या पानावर. मंजूर नकाशे महारेरावर टाकावेच लागतात, मग ही एक ओळ टाकायला काय अडचण आहे?

यासाठी नवीन कायदाही लागत नाही. माहितीचा अधिकार आपल्याकडे २००५ पासून आहे. त्याच्या चौथ्या कलमात असं आहे की लोकांवर परिणाम करणारे निर्णय जाहीर करताना संबंधित माहिती सरकारी खात्यांनी स्वतःहून प्रसिद्ध करावी. कोणी अर्ज करायची वाट बघू नये.

तोवर आपल्या हातात काय? आपल्या भिंतीवर, आपल्या झाडावर लाल खूण दिसली की तारखेसह फोटो काढा. सोसायटीच्या लेटरहेडवर महापालिकेच्या प्रभाग समितीला एक ओळीचं पत्र द्या, 'ही खूण कोणाची आणि कशाची?' पोच घ्या. आठवड्याभरात उत्तर नाही आलं तर माहिती अधिकारात तेच विचारा, दहा रुपयांत होतं. गावठाणातल्या, चाळीतल्या शेजाऱ्यांना हे पत्र लिहून द्यायला मदत करा, कारण बाण त्यांच्या घरावर आधी येतो आणि कागद त्यांच्याकडे शेवटी पोचतो. कमेंटमध्ये आपल्या भागातल्या खुणांचे फोटो टाका, मात्र कोणाचं नाव, फ्लॅट नंबर दिसू देऊ नका. दिवाळीपर्यंत मानपाड्यापासून गायमुखपर्यंतच्या खुणांची एक यादी करू आणि प्रत्येकीसमोर एकच रकाना ठेवू: अर्थ सांगितला की नाही.